बहात्तर पट छोटं मिग

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, शनिवारी मॉल, रविवारी झोप. तुमचंही शेड्यूल हेच असेल तर जरा इकडे लक्ष द्या, बॉस. माझे गेले कित्येक विकेंड एका बुटाच्या खोक्याएवढ्या बॉक्समध्ये गेलेत. आत काय? मिग-२१, १/७२ स्केल. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर!

आता हे खूळ आलं कुठून? २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडमध्ये हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ पासूनची नोकरी, तब्बल ६२ वर्षं. टीव्हीवर ते चालू असताना बाबा उठून गॅलरीत गेले, असं आईनं फोनवर सांगितलं. बाबा म्हणजे ओझरच्या एचएएलमधले फिटर. १९८० ला चिकटले, २०२० ला रिटायर. भारतात जी सहाशेहून जास्त मिग-२१ बनली, त्यांची इंजिनं ओडिशातल्या कोरापुटची, पण सांगाडा आणि जोडणी ओझरची. एवढं सगळं मला गूगलनं सांगितलं. बाबांनी घरी फॅक्टरीचा विषय कधी काढलाच नाही. 'उडती शवपेटी' हा शब्द पेपरात आला की ते सरळ पान उलटायचे.

त्याच रात्री मी किट ऑर्डर केला. शाळेत चित्रकलेत कायम 'क' श्रेणी, पण म्हटलं बघू!

बॉक्स उघडलात की प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना लटकलेले इवले इवले पार्ट. ते हातानं तोडायचे नाहीत, कटरनं कापायचे आणि उरलेला कोंब पॉलिश पेपरनं घासायचा. सुरुवात कॉकपिटपासून. त्याचा रंग मोरपंखी! बऱ्याच रशियन विमानांची ही खासियत. माझा पहिला हात इतका जाड बसला की डायल बुजूनच गेले. रंग दुधासारखा पातळ करायचा आणि एकावर एक तीन हात मारायचे, हे दुसऱ्या कॉकपिटनंतर कळलं. (हो, दुसरा किट घ्यावा लागला. नवऱ्याला सांगू नका.)

सिमेंटचं मात्र मला जाम कौतुक आहे. हा गोंद चिकटवत नाही, प्लॅस्टिक वितळवतो. दोन भाग जुळवून धरायचे, फटीला ब्रशचं टोक लावायचं, द्रव आपोआप सुर्रकन आत धावतो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. काचेला मात्र हा गोंद चालत नाही. इन्स्टंट ग्लू तर अजिबात नको, त्याच्या वाफेनं कॅनोपीवर पांढरा धूर बसतो. तिथे आपला साधा फेव्हिकॉल.

दिवाळीत बाबा पुण्याला आले. मी डायनिंग टेबलवर फ्युझलाजचे दोन अर्धे जुळवत होते. ते मागे येऊन उभे राहिले.

"नाकात वजन घातलंस?"

"कसलं वजन?"

"अगं, शेपटीवर बसेल ते."

मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि नाकातल्या शंकूमागे चिकटवल्या. आता बंद करणार, तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला. "थांब. हत्यारं मोज."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. चिमटा, कटर, दोन फाइल, तीन ब्रश. "ब्लेड कुठंय?" ब्लेड पेपरखाली सापडलं. मग म्हणाले, "आता लाव." पॅनेल बंद करण्याआधी प्रत्येक पाना मोजायचा, एक कमी भरला तर विमान हलत नाही. चाळीस वर्षं रोज हेच. आणि कुठे मिग पडल्याची बातमी आली, की शिफ्टमधले सगळे आधी शेपटीचा नंबर विचारायचे. आपल्या हातचं होतं का? हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं, तेही फाइल पुसता पुसता.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघं टेबलवर. फटीत लांबी भरली ती त्यांनी, घासली मी. राखाडी रंगाचे हात मी मारले, "कोपऱ्यात साचलाय बघ" हे त्यांचं. शेवटी डिकल. कोमट पाण्यात सोडायचं, अर्ध्या मिनिटात कागदावरून सुटतं, मग ओल्या ब्रशनं जागेवर सरकवायचं. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. तो गोल पंखावर बसला तेव्हा खरंच शहारा आला, यार.

राहिला नंबर. डिकलच्या शीटवर छापलेला तयार होता. बाबांनी चष्मा वर केला, उरलेल्या आकड्यांमधून चार आकडे एक एक करून कापले आणि चिमट्यानं स्वतः लावले. 'सी' आधीच होता. हात जराही हलला नाही.

"हा कुठला नंबर, बाबा?"

"वाळू दे," ते म्हणाले. "चहा ठेव."