आठवड्याची गोळी आणि तालुक्याचा औषधनिर्माता

कर्करोगाच्या औषधांविषयी औषधनिर्मात्यांना दूरस्थ प्रशिक्षण देण्याची चर्चा निघाली की बहुधा मोठ्या रुग्णालयातील औषधनिर्माताच डोळ्यांसमोर येतो, कारण केमोथेरपीची इंजेक्शने जैवसुरक्षा कपाटात, म्हणजे औषधाचा अंश माणसाच्या श्वासात वा त्वचेवर जाऊ न देणाऱ्या बंदिस्त यंत्रणेत, मिसळण्याचे काम त्याच्याकडे असते. ती गरज खरीच आहे. परंतु एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोगाचे औषध सलाईनमधून कमी आणि गोळ्यांच्या पाकिटातून अधिक पोहोचते, आणि ते पाकीट हाती देणारा मेडिकलवाला या प्रशिक्षणाच्या हिशेबातच धरलेला नसतो.

तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्यावे. रोग बरा होण्यापलीकडे गेला असता कमी मात्रेतील औषधे दीर्घकाळ तोंडावाटे देण्याच्या पद्धतीला मेट्रोनोमिक उपचार म्हणतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगाच्या 422 रुग्णांवर केलेल्या आणि 2020 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान 7.5 महिने, तर सिस्प्लॅटिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे 6.1 महिने आढळले. गोळ्या स्वस्त, शिवाय त्यांसाठी जवळपास चारशे किलोमीटरवरच्या मुंबईत खाट अडवून राहावे लागत नाही, म्हणून खानदेशातल्या रुग्णाला हा उपचार सोयीचाच आहे. मात्र या उपचाराच्या चिठ्ठीवर सेलेकॉक्सिब रोज दोनदा आणि मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा, अशी दोन औषधे एकाखाली एक लिहिलेली असतात. घाईत दोन्ही ‘रोज’ अशी सांगितली गेली तर मेथोट्रेक्झेट शरीरात साचते, तोंड सोलवटते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि रुग्ण दगावूही शकतो. त्यातही तोंडाचे व्रण मूळ रोगाचेच समजून घरचे लोक गोळ्या चालू ठेवण्याचा धोका असतो.

दुसरा प्रसंग तापाचा. केमोनंतर गावी परतलेल्या रुग्णासाठी नातेवाईक पॅरासिटॅमॉल मागतात, ते दिलेही जाते, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप, जो काही तासांत जीवघेण्या जंतुसंसर्गाचे रूप घेऊ शकतो, तो आकड्यापुरता उतरतो. येथे गोळी विकण्याआधी ‘केमो कधी झाली?’ एवढे विचारणे आणि रुग्णाला तातडीने जळगाव वा धुळ्याच्या रुग्णालयात पाठवणे हेच औषधनिर्मात्याचे खरे काम ठरते.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत एकेक दिवसाचे दोन उजळणी वर्ग करावेत, असे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत म्हटले आहे. एका दिवसात व्याख्यान, जेवण आणि प्रमाणपत्र उरकता येते. वरील दोन प्रसंगांची सवय मात्र लागत नाही. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये हिपॅटायटिस सी रोगासाठी सुरू केलेल्या ‘इको’ पद्धतीत दूरचे डॉक्टर आपापले रुग्ण ठरल्या वेळी पडद्यावर तज्ज्ञांपुढे मांडतात आणि एकमेकांच्या प्रकरणांतून शिकतात. 2012 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडने देशभरातील रुग्णालये जोडली आहेत, तेव्हा या जाळ्याचा एक धागा मेडिकलच्या काउंटरपर्यंत आणणे अवघड नसावे. वर्ग मराठीत हवा, दुकानात गर्दी नसते अशा दुपारच्या वेळी हवा, त्यात रुग्णाचे नाव झाकून खऱ्या चिठ्ठ्या वाचल्या जाव्यात, आणि शंका आली तर रुग्णालयातील फार्म.डी. झालेल्या औषधनिर्मात्याला विचारता येईल असा फोन क्रमांक सोबत मिळावा. त्या क्रमांकाविना कितीही वर्ग झाले तरी ते अर्धेच राहतील.

तोवर वाचक औषधनिर्मात्यांनी एवढे तरी करावे : मेथोट्रेक्झेटची चिठ्ठी आली की कोणत्या वारी गोळी घ्यायची ते डॉक्टरांकडून पक्के करून पाकिटावर मराठीत लिहावे, एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या देऊ नयेत, आणि तो वार नातेवाइकाकडून एकदा वदवून घेतल्यावरच पाकीट हाती द्यावे.