झुरळांचें बिऱ्हाड

ह्या सदरांत आजवर मांजर, कुत्रें व कांचेच्या पेटींतील मासे यांचा परामर्श आम्हीं घेतला आहे. आज ज्या प्राण्याविषयीं लिहावयाचें, त्याचें नांव निघतांच कित्येक भगिनी हातीं केरसुणी घेतील, हें आम्ही जाणून आहों. तो प्राणी म्हणजे झुरळ. आणि लिहावयाचें तें त्यास मारण्याविषयीं नसून त्याच्या पालनपोषणाविषयीं.

वाशीस आमचें अकरा माणसांचें कुटुंब दोन जोडून घेतलेल्या सदनिकांत राहतें. थोरल्या बंधूंच्या चिरंजिवानें दहावीच्या परीक्षेनंतर बक्षीस म्हणून एक दाढीवाला सरडा मागून घेतला. बेअर्डेड ड्रॅगन म्हणतात तो हाच. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशांतील हा प्राणी स्वभावानें अत्यंत सौम्य. रागावला म्हणजे हनुवटीखालील कातडी फुगवून काळी करतो, एवढाच त्याचा पराक्रम. घोरपड किंवा तारांकित कासव हे आपल्या देशांतील प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घरीं ठेवतां येत नाहींत. कासवानें भाग्य उघडतें असें मानणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. त्या कायद्यास २०२२ सालीं दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. तिच्यामुळें इग्वाना, बॉल पायथन इत्यादि परदेशी प्राण्यांचीही सरकारदरबारीं नोंद करावी लागते. प्राणी घरीं आणण्यापूर्वीं तो कोणत्या यादींत बसतो तें पाहावें, नंतर नव्हे.

सरडा आला आणि त्याच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. ह्या जातीचें पिल्लूं मुख्यत्वें किड्यांवरच वाढतें. मोठेपणीं मात्र तें बहुतांशीं पालाभाजी खाऊं लागतें. बाजारांतून दर आठवड्यास किडे आणणें खर्चाचें. स्वयंपाकघरांतील झुरळें द्यावीं तर त्यांच्या अंगांत औषधाचा अंश अथवा कृमि असावयाचे. तेव्हां चिरंजिवानें स्वतंत्र झुरळेंच पाळण्याचें ठरविलें. जगांत झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत. माणसाच्या वस्तींत वावरणाऱ्या त्यांतल्या जेमतेम तीस. या तिसांच्या वर्तनावरून साऱ्या कुळास आपण नांवें ठेवतों!

विक्रेत्यानें प्रथम तांबूस रंगाचीं, चपळ तुर्कस्तानी झुरळें दाखविलीं. तीं आम्हीं नाकारलीं. हीच जात १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत प्रथम आढळली, आणि पुढें सरड्यांचें खाद्य म्हणून तिची विक्री होऊं लागल्यावर अमेरिकेच्या नैऋत्य भागांत तिनें चांगलेंच बस्तान बसविलें. आमच्या घरीं आलीं तीं दक्षिण अमेरिकेंतील डुबिया जातीचीं: पांच नर व वीस माद्या. हीं गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढूं शकत नाहींत. नरास लांब पंख असतात, पण त्यांचा उपयोग पडतां पडतां फडफडण्यापुरताच. मादीस तर पंखांचे नुसते खुंट.

व्यवस्था साधी होती. उंच प्लॅस्टिकची पेटी, झांकणास मोठें भोंक पाडून त्यावर बारीक पोलादी जाळी, आणि आंत अंड्यांचे कागदी पुठ्ठे उभे रचलेले. उभे अशासाठीं कीं विष्ठा तळाशीं पडावी व पुठ्ठे स्वच्छ राहावे. या पुठ्ठ्यांवरून घरांत जें रामायण झालें तें झुरळांवरूनही झालें नव्हतें. साठ वर्षें ज्या घरांत अंडें आलें नाहीं तेथें अंड्यांचे पुठ्ठे यावेत, हें आमच्या मातोश्रींस कसें रुचावें! अखेर ते कोरे, न वापरलेले आणावेत या अटीवर तह झाला.

ह्या झुरळांस २८ ते ३२ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. नवी मुंबईंत ती वर्षांतील बहुतेक महिने फुकट मिळते. खावयास गव्हाचा कोंडा, ओट्स आणि भाज्यांचीं सालें. पाणी उघड्या वाटींत ठेवल्यास पिल्लें बुडून मरतात, म्हणून गाजराच्या किंवा संत्र्याच्या फोडींवरच त्यांची तहान भागवावी. सरड्यास देण्यापूर्वीं एक-दोन दिवस त्यांस उत्तम पाला खाऊं घालावा, कारण त्यांच्या पोटांतलें तेंच सरड्याच्या पोटांत जातें. शिवाय त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरवावी लागते, नाहीं तर सरड्याचीं हाडें मऊ पडतात. सरड्याच्या दोन डोळ्यांतील अंतराहून मोठें झुरळ त्यास देऊं नये.

मादी अंड्यांची नळी तयार झाली म्हणजे ती बाहेर काढते व पुन्हा पोटांत ओढून घेते. सुमारें दोन महिन्यांनीं तिला वीस-तीस जिवंत पिल्लें होतात. कात टाकलेलें झुरळ कांहीं तास दुधासारखें पांढरें शुभ्र असतें. आमच्या घरच्या मुलांनीं पहिलें असें झुरळ पाहून तें आजारी आहे म्हणून मोठा कल्लोळ केला होता.

एकदां मात्र हात पोळले. बाजारांतील कोबीचीं वरचीं पानें न धुतां पेटींत टाकलीं. दुसऱ्या दिवशीं साठ-सत्तर झुरळें उताणीं पडलेलीं. पानांवर फवारलेल्या औषधाचाच तो परिणाम असावा. त्याच कोबीची भाजी आदल्या रात्रीं आमच्या पानांत होती, हें वहिनींनीं हळूच सांगितलें आणि कोणासच बोलणें सुचेना.

तरीही जानेवारींत पंचवीसांवर मांडलेला संसार जुलैंत हजारावर गेला. त्यांतच पावसाळा आला. हवा ओली, पुठ्ठे लिबलिबीत, कोंड्याच्या गांठी. त्यांवर बुरशी आणि डोळ्यांस न दिसण्याइतके बारीक किडे. ओलें खाणें संध्याकाळपर्यंत काढून टाकणें व पुठ्ठे वरचेवर बदलणें हा त्यावर उपाय. पण महाविद्यालयांत नुकत्याच प्रविष्ट झालेल्या चिरंजिवाच्या हातून तो नेमानें होईना. मग पेटी झाडण्याचें काम आपोआप घरांतील बायकांवर आलें. हौस एकाची आणि झाडलोट दुसऱ्याची, हें एकत्र कुटुंबांत नवें नाहीं.

जुलैच्या अखेरीस धाकट्या बंधूंच्या सात वर्षांच्या कन्येस रात्रीं खोकल्याची उबळ येऊं लागली व छातींतून शिटीसारखा आवाज येऊं लागला. डॉक्टरांनीं घरांत काय काय आहे तें विचारिलें. झुरळांच्या विष्ठेची व काताची धूळ हें दम्याचें सुपरिचित कारण आहे. आमच्या कुळवान झुरळांसही तें लागू पडतें. हेंच कारण असेल असें ते खात्रीनें म्हणाले नाहींत, पण पेटी बाळाच्या श्वासापासून दूर न्या असें बजावलें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वजण बसले. चिरंजीव म्हणाला, पेटी गच्चींत ठेवतों, तोंडाला फडकें बांधून मीच साफ करीन. थोरले बंधु म्हणाले, खाडीकांठीं सोडून द्यावीं, तेवढेंच जीवदान. हें मात्र आम्हीं ठाम नाकारलें. या उष्ण, दमट हवेंत तीं पाय रोवणार नाहींत अशी हमी कोण देणार? मातोश्री इतका वेळ जप करीत होत्या. त्यांनीं माळ खालीं ठेविली व नातवास विचारलें, "अरे, एका जिवाचें पोट भरावयास दुसऱ्याचा श्वास कोंडायचा का?" चिरंजीव कांहीं बोलला नाहीं.

पुढील रविवारीं खारघरच्या दोघां सरडेपालकांनीं साऱ्या माद्या व पिल्लें नेलीं. पेटी व पुठ्ठे पिशवींत बंद करून टाकून दिले. तोंवर सरडा पुरता वाढला होता, त्यास आतां आठवड्यांतून दोन-तीनदांच किडे लागतात. म्हणून नुसते नरच आणावे, म्हणजे संख्या वाढत नाहीं, असा तोडगा निघाला. बाहेरच्या बंद सज्ज्यांत एका लहान डब्यांत तीस नर आहेत. कन्येचा खोकला दिवाळीपर्यंत पुष्कळ उतरला. पावसाळा सरल्यानें कीं पेटी गेल्यानें, तें डॉक्टरही सांगत नाहींत. तिला सज्ज्यांत जाण्याची मनाई आहे. रविवारीं सकाळीं चिरंजीव डबा स्वतः झाडतो. आणि भाजी चिरतांना गाजराच्या शेंड्या मातोश्री निराळ्या वाटींत काढून ठेवतात, न विसरतां धुवून.