ओल्या भिंतीचा गुन्हा

देव आहे की नाही, यावर टीव्हीवर खुशाल वाद घालता येतो. तो तासभर चालतो, कुणी हरत नाही. पण भिंत ओली का झाली, हे सांगणं महागात पडू शकतं. मुंबईत २०१२ मध्ये ते पडलं.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये विलेपार्ल्याजवळच्या इर्ला भागात, वेलंकनी मातेच्या चर्चमधल्या क्रुसावर येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. भाविक ते भांड्यांत धरून नेऊ लागले. टीव्ही ९ वाहिनीनं विवेकवादी सनल एडामारुकू यांना बोलावलं. त्यांनी आधी क्रूस पाहिला, मग मागची भिंत, मग जवळच्या स्वच्छतागृहाची नाली. नाली तुंबलेली होती. तिचं पाणी भिंतीत मुरून केशाकर्षणानं वर चढत होतं आणि क्रुसापाशी बाहेर पडत होतं.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या वडवणीत कुणाच्या घराला ओल आली तर दुसरं काय करतात? नाली बघतात, गवंड्याला बोलावतात.

मग वाहिनीवर वाद रंगला. एका बाजूला एडामारुकू, दुसऱ्या बाजूला कॅथलिक समाजाचे पुढारी आणि बिशप. एडामारुकू तिखट बोलले. चर्च चमत्कारांचा बाजार मांडतं, असा त्यांचा आरोप होता. माफी मागा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी मागितली नाही. मुंबईतल्या पोलीस ठाण्यांत भारतीय दंड संहितेच्या कलम २९५ अ खाली तक्रारी गेल्या. अटकेची टांगती तलवार होती. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले.

तक्रारींत नाली कुठेच नव्हती. चर्चनंही तो चमत्कार असल्याचं जाहीर केलं नव्हतं. मग भांडण कशाचं उरलं? फक्त शब्दांचं. पाणी कुठून आलं, हा मूळ प्रश्न बाजूला पडला आणि सांगणारा आरोपी झाला.

कलम २९५ अ हे इंग्रजांनी १९२७ मध्ये आणलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून जवळपास तसंच बसलं आहे. बोललेलं खरं होतं की खोटं, हे त्यात विचारलेलं नाही. मात्र एक अट आहे: धर्मभावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं दुखावलेल्या असायला हव्यात. इथंच ती नाली महत्त्वाची ठरते. ज्याला नुसती टवाळी करायची असते, तो स्टुडिओत बसून करतो. तो भिंतीला हात लावायला जात नाही. तोंड उघडण्याआधी ज्यानं कारण शोधलं, त्याच्या हेतूचा पुरावा त्या शोधण्यातच आहे.

याच मुंबईत १८५७ च्या पहिल्या महिन्यांत हिंदू धर्मप्रचारक विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. तिथंही जीभ सैल सुटायची, ऐकायला गर्दी असायची. त्या वादाचं पुढे पुस्तक झालं; एडामारुकूंच्या वादाची मात्र पोलीस तक्रार झाली.

हा प्रश्न ख्रिस्ती समाजापुरता नाही. वडवणी तालुक्यात चर्चचा वाद क्वचितच होईल. पण कलम सगळ्या देवांना सारखंच लागू आहे. जिभेवर कापूर पेटवून दाखवणारा अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता उद्या इथल्या शाळेत येईल. एखादे गुरुजी मुलांना मूर्ती दूध कशी ‘पिते’ ते समजावतील. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं चमत्काराच्या नावानं लोकांना फसवणं हा गुन्हा ठरवला. ती फसवणूक उलगडून सांगणाऱ्याच्या पाठीशी मात्र कुणी उभं राहायचं?

अशी तक्रार घेऊन कुणी ठाण्यात आलं, तर साहेबांनी कलम लावण्याआधी हेतू तपासावा. आणि दुखावलेल्या माणसानं ठाण्याची पायरी चढण्याआधी एकदा नाली बघून यावी.