घरी शिवा, घरीच घाला

पोराने हट्ट धरला म्हणून साध्या टी-शर्टच्या बाहीवर तुम्ही आदिदासच्या तीन पट्ट्या शिवल्या, किंवा छातीवर पुमाचं झेप घेणारं जनावर काढलं (ताडोब्याकडच्या पोराला ते बिबटच वाटणार), तर घाबरू नका. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 29 दुसऱ्याचं चिन्ह धंद्यात वापरण्याबद्दल आहे. घरी शिवलं, घरच्यानेच घातलं, यात धंदा कुठला?

घोडं पुढे अडतं. शेजारीण म्हणते, ‘माझ्याही लेकाला दे शिवून, शिलाई घे.’ मग कबड्डी मंडळ अख्ख्या संघाच्या जर्सी सांगतं. घालणारा हौशी असेल, पण पैसे घेऊन चिन्ह लावणारा टेलर धंदाच करतो. ‘गिऱ्हाइकानेच सांगितलं होतं’ म्हटल्याने सुटका होईल, या भरवशावर राहू नका. कलम 103 खाली खोटं चिन्ह लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. असा माल विकणाऱ्याला कलम 104 आहेच. तयार स्टिकर बाजारात गठ्ठ्याने मिळतात म्हणून ते कायदेशीर होत नाहीत.

खादीचंही तसंच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावात 1936 साली गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं होतं, त्यामुळे खादी हा शब्द आपल्याकडे घरचाच. पण 2013 च्या नियमांनुसार खादी मार्क नसलेलं कापड ‘खादी’ म्हणून विकता येत नाही. स्वतः कातून नेसायला कुणाची ना नाही.

एका बाबतीत मात्र घरच्या हौसेलाही आवरा. लष्करासारख्या चट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा शर्ट, खांद्यावर गडचिरोली पोलिसांच्या सी-60 पथकाचा बिल्ला, हे नकोच. सैनिक भासावं म्हणून तसा वेश केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 168 लागतं, फसवण्यासाठी पोलिसाचा केला तर 205. तुमच्या मनात तसं काही नसेलही. पण गडचिरोलीच्या जंगलवाटेवर दुरून बघणाऱ्याला तुमचं मन दिसत नाही, कापड दिसतं. अशोकस्तंभही शर्टावर काढू नका, त्याला 2005 चा वेगळा कायदा आहे.

विकायचंच असेल तर बचत गटाने स्वतःचं चिन्ह काढावं. मोहाचं फूल घ्या, कोसाचा कोश घ्या. हात तोच, सुई तीच, मग नाव परक्या कंपनीचं कशाला? कपड्यांसाठी वर्ग 25 मध्ये अर्ज करायचा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी 4,500 रुपये, नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण होतं. तेच चिन्ह आधी कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला शेजारी बसवा आणि पैसे भरण्याआधी तेवढं बघून घ्या.