भाड्याचं न्हाणीघर



गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मीजान, आमच्याकडे राहायला आल्या. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं, की मगरिबनंतर त्या पाणीच पीत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "बेटा, पाणी प्यालं की रात्री उठावं लागतं. तुमच्या बाथरूमची भीती वाटते मला."

दोन वर्षं रोज वापरत होते, ते बाथरूम त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. गुळगुळीत फरशी, मिणमिणता बल्ब, नळाभोवती क्षाराचे पांढरे थर, उकिडवं बसायचा संडास आणि वुझूला टेकायला काहीच नाही. घर भाड्याचं. करारात स्पष्ट लिहिलेलं, भिंतीला खिळा ठोकू नये. आधीच्या घरात टाइल्सना चार भोकं पाडली म्हणून डिपॉझिटमधून तीन हजार रुपये कापले गेले होते. तेव्हा राग आला होता, पण भोकं तर आम्हीच पाडली होती. भाड्याचं घर ही अमानत आहे. घेतलं तसं परत करायला हवं.

मग काहीही न तोडता, न ठोकता काय करता येईल, याची यादी केली.

आधी सफाई. लिंबूसत्त्व किराणा दुकानात मिळतं. मगभर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवलं, मग घासलं. थर निघाला. मात्र शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर हे वापरू नका, आंबट पदार्थाने तो दगड खराब होतो. बाजारातल्या कडक ॲसिडने टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही झिजतं. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

मग उजेड. जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला. दाराजवळ हालचाल झाली की पेटणारा, बॅटरीवरचा छोटा दिवा चिकटवला. रात्री बटण चाचपडायला नको.

फरशीवर खालून चिमट्या असलेली, भोकांची रबरी चटई टाकली. ती रोज उचलून उभी वाळवावी लागते, नाहीतर खाली बुळबुळीत थर धरतो आणि चटईच घसरते. त्या चटईवर नळासमोर हातांची प्लास्टिकची खुर्ची ठेवली, पायांना रबरी बुचं बसवून. आता अम्मीजान बसून निवांत वुझू करतात. संडासावर ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकल दुकानात मिळाली. ती हवी तेव्हा उचलून बाजूला ठेवता येते.

टॉवेल, लोटा, साबण यांसाठी चिकटणारे हुक लावले. टाइल आधी पुसून पूर्ण कोरडी करा आणि हुक लावल्यावर एक दिवस त्यावर काही टांगू नका. काढताना हेअर ड्रायरने गरम करून मागून दोरा फिरवा. उरलेला गोंद खोबरेल तेलाने निघतो. पडद्याला स्प्रिंगची दांडी घेतली. ती दोन भिंतींमध्ये नुसती दाबून बसते. काढलेला बल्ब, मोडके हुक, सगळं एका पिशवीत जपून ठेवलंय, जाताना परत लावायला.

एक चूक मात्र झाली. आधारासाठी मी रबरी वाट्यांनी भिंतीला चिकटणारं हँडल आणलं. लावलं आणि जोरात ओढून पाहिलं, तर ते हातातच आलं! अम्मीजानच्या हातात आलं असतं तर? भगिनींनो, माणसाचा भार अशा हँडलवर सोडू नका. तिथे भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडाच हवा.

म्हणून शेवटी घरमालकांना फोन केला. दोन वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. कारण ऐकून ते म्हणाले, "बसवा, फक्त जाताना काढू नका." तेवढंच मेसेजवर लिहून घेतलं आणि भिंतीचे आधीचे व नंतरचे फोटो त्यांना पाठवले. तोंडी परवानगी दोन्हीकडून विसरली जाते. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे. नवं घर घेताना अशी एखादी अट त्यातच घालून घ्या.

दांडा आणि मिस्त्रीची मजुरी धरून सगळा खर्च पाच हजारांच्या आत बसला.

परवा इशाच्या नमाजनंतर अम्मीजाननी स्वतःहून हाक मारली, "बेटा, जरा पाणी दे गं." मी पेला भरून दिला. त्यांनी तो पूर्ण रिकामा केला.