मोत्या असा नव्हता हो!

पाळलेला कुत्रा घरातल्याच माणसाला चावला म्हणजे त्या घरातून ठरावीक वाक्ये ऐकू येतात. पहिले वाक्य, "आमचा मोत्या असा नव्हता हो!" दुसरे, "एकाएकी काय झालं कुणास ठाऊक!" तिसरे वाक्य घरातले म्हणत नाहीत, ते शेजारी पुरवतात : "पिसाळला असेल!" मी पडलो मराठीचा मास्तर. बोलण्यातला शब्द आधी पकडायचा आणि बोलणारा माणूस मागाहून, ही माझी खोड. तिचे घरी फारसे कौतुक नाही. पण या वाक्यांतला 'एकाएकी' हा शब्द गेले वर्षभर माझ्या डोक्यात घोळतो आहे. तो तिथे कसा शिरला हे सांगायचे तर आमच्या अंकुशनगरातल्या एका खऱ्याखुऱ्या मोत्याची हकीकत सांगितली पाहिजे.

अंकुशनगर हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. हंगाम तोंडावर आला म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात आणि जवळजवळ प्रत्येक बैलगाडीखाली एक कुत्रा असतो. रात्री हे पाहुणे आणि वसाहतीतले मानकरी यांच्यात जो परिसंवाद झडतो, त्याला अध्यक्ष नसतो आणि आभारप्रदर्शनही नसते. आमच्या शेजारचा मोत्या हा या मानकऱ्यांपैकी सर्वांत मवाळ. आठ वर्षांचा, गावठी, पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेला. पोस्टमनलासुद्धा शेपूट हलवून दारापर्यंत आणून सोडणारा. घरात भाऊ कारखान्यात फिटर. त्यांची आई, वहिनी, एक मोठी मुलगी आणि सहा वर्षांचा धाकटा.

गेल्या वसुबारसेला गायवासराला ओवाळून झाले आणि तबकात कुंकू उरले. मोत्यालाही मान मिळावा म्हणून धाकट्याने ते त्याच्या कपाळाला लावायला हात पुढे केला. मोत्याने तो हात धरला. धरला म्हणजे चावला. तळहाताला दोन दात लागले आणि रक्त आले.

पाच मिनिटांत अंगणात सभा भरली. कोणी म्हणाले, कोप्यांवरच्या कुत्र्याने याला चावले असणार. कोणी म्हणाले, आजच औषध घालून मोकळे व्हा. एका सद्गृहस्थांनी मोटारसायकल काढण्याची तयारी दाखवली. शहागडच्या पुलापलीकडे नेऊन सोडला की प्रश्न मिटला म्हणे! आजी आतून तिखटाचा डबा घेऊन आल्या होत्या, जखमेत भरायला. आमच्या वसाहतीत बारशाच्या नावापासून बँकेच्या अर्जापर्यंत सगळे प्राध्यापकाला कळते अशी समजूत असल्यामुळे मलाही बोलावणे आले. मी मुलाचा हात न्हाणीघरातल्या नळाखाली धरला आणि साबण लावून धूत राहिलो. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मुलगा रडत होता, आजी माझ्याकडे अविश्वासाने पाहत होत्या. पण चावलेल्या जागी पहिला उपचार हाच. तिखट नाही, हळद नाही, चुना नाही, तेलही नाही. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, तिखटाने नव्हे.

"आता पोटात चौदा सुया टोचतील हो लेकराला!" आजी म्हणाल्या. त्यांचे भय उगीच नव्हते. पॅरिसमध्ये लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली. पुढे डेव्हिड सेंपल याने कसौलीला १९११ मध्ये आपल्याकडची लस तयार केली. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस पोटात रोज एक अशी टोचून घ्यावी लागे आणि ती दुखेही फार. आपल्या आज्यांच्या पिढीने ती पाहिली आहे. २००५ पर्यंत ती आपल्या देशातून गेली. आताची लस दंडाला टोचतात. कातडीत द्यायची झाली तर त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आले असेल तर पहिल्याच दिवशी जखमेत सीरमही भरतात, कारण लसीचा गुण यायला काही दिवस लागतात. सरकारी दवाखान्यात लस विनामूल्य मिळते. मोत्याचे लसीचे कार्ड भाऊंच्या कपाटात होते आणि ते त्यांनी डॉक्टरांना दाखवलेही. तरी डॉक्टरांनी मुलाला सुई टोचलीच, आणि ते योग्यच झाले. कुत्र्याला काय झाले आहे याचा तपास मागाहून करता येतो. रेबीज एकदा अंगात उमटला की वैद्यकशास्त्राचे हात टेकतात.

पुढचे दहा दिवस मोत्या पडवीत साखळीला होता. हा दहा दिवसांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीज असेल तर तो दहा दिवसांच्या आत आजारी दिसतो आणि मरतो. दहा दिवस धडधाकट राहिला तर त्या चाव्यातून रेबीज गेलेला नाही. म्हणून त्याला मारून टाकणारा किंवा पुलापलीकडे सोडणारा माणूस हातातला पुरावाच घालवतो. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो हीदेखील ऐकीव गोष्ट. पाण्याचे भय रेबीज झालेल्या माणसाला असते; कुत्र्याला गिळता येत नाही, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकणे घोगरे होते, पाय लटपटतात. शांत कुत्रा अंगावर धावतो तसा कधी दांडगा कुत्रा गरीब गायीसारखा कोपऱ्यातही बसतो. (शब्दाचा विषय निघालाच म्हणून सांगतो : 'पिसाळणे' हे 'पिसे' या शब्दाच्याच घराण्यातले. संतांनी देवाचे पिसे लागले म्हणून धन्यता मानली. कुत्र्याच्या वाट्याला त्यातले तेवढे विषारी आले.) एवढ्याने हात जोडून बसायचे कारण नाही. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून गावोगाव हिंडून, जाळी घेऊन, रस्त्यावरच्या आणि घरच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचली गेली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. तिथे काठ्या चालवून हे झालेले नाही.

त्या दहा दिवसांत लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला, भाऊबीज झाली. सुतळी बाँबचा आवाज झाला की मोत्या थरथरत भिंतीला चिकटे. मी माझ्या पडवीत उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला दुसरीकडे पाहण्याची फार हौस असते हे माझे व्यवसायबंधू मान्य करतील. मोत्या पाणी पीत होता, दूधभात खात होता. पण भाकरीचा तुकडा तोंडात घेई, एका बाजूने चावी आणि मध्येच टाकून देई. जेवण झाले की तोंडाची डावी बाजू जमिनीवर घाशी. चौथ्या दिवशी सकाळच्या उन्हात त्याच्या डाव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज मला दिसली.

मी वहिनींना विचारले, हे कधीपासून? तेव्हा उलगडा होऊ लागला. आजी म्हणाल्या, दसऱ्यापासून तो कडक भाकरीला तोंड लावत नाही. त्यांना वाटले, माजला. मोठ्या मुलीने सांगितले, तिने त्याचे तोंड पुसायला घेतले तेव्हा त्याने मान फिरवली. वहिनी म्हणाल्या, "दोनदा गुरगुरला हो माझ्यावर. घरच्या माणसावर गुरगुरतो म्हणजे काय! यांनी चपलेनं चांगला झोडपला. मग नाही गुरगुरला." आणि मग त्या एकदम गप्प झाल्या.

गुरगुरणे म्हणजे कुत्र्याचे सभ्यपणाचे बोलणे. 'मला दुखते आहे, दूर व्हा' हे त्याला याहून वेगळे सांगता येत नाही. चपलेने दुखणे गेले नाही, फक्त सूचना गेली. पुढच्या वेळी सूचनेवाचून दात आला आणि घर म्हणाले, एकाएकी! चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसांच्या आणि जनावरांच्या भावनाविष्कारावर एक आख्खे पुस्तक लिहिले, त्यात कुत्र्याच्या अशा पवित्र्यांची चित्रे आहेत : ताठ पाय, उभे केस, रोखलेली नजर एका चित्रात, आणि तोच प्राणी लाडात येऊन वाकलेला दुसऱ्यात. पण आपल्या घरात युद्धाचा पवित्रा येण्याआधीही पुष्कळ काही सांगितले जाते. तोंड फिरवणे, समोर खाऊ नसता ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, डोळ्याच्या कडेचे पांढरे दिसणे, अंग एकदम लाकडासारखे होणे. शेपटीवर तर मुळीच विसंबू नये. ताठ, उंच धरून आखूड हलणारी शेपूट स्वागताची नसते. आणि सहा वर्षांच्या मुलाला यातले काही दिसत नाही. तो गळ्यातच पडतो.

अकराव्या दिवशी मोत्याच्या तोंडाला कापडी पट्टी बांधून भाऊंनी त्याला शहरातल्या पशुवैद्यांकडे नेले, मी सोबत होतो. वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरली होती आणि मुळाशी पू झाला होता. कुत्र्याच्या या दाढेची मुळे डोळ्याखालीच येतात. कपाळाकडे, गालाकडे हात आला की त्याला काय होत असेल हे ज्याची दाढ कधी ठणकली आहे त्याने समजून घ्यावे. हाडे, दगड असे काही कडक चघळताना ही दाढ तडकते. भूल देऊन त्यांनी ती काढली. त्यांचे म्हणणे असे की, प्रौढ आणि शांत कुत्रा स्वभाव बदलतो तेव्हा पहिली शंका दुखण्याची घ्यावी : कान, दात, सांधे, पाठ; म्हातारपणी अधू झालेले डोळे आणि कान, ज्यामुळे झोपेत हात लागला तरी तो दचकून चावतो; क्वचित थायरॉइडसारखा बिघाड. व्यालेल्या कुत्रीची आणि ताटावरच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी, ती आजीलाही ठाऊक असते. मार देऊन यातले काहीही बरे होत नाही.

जातीला दोष देणे हा आणखी एक सोपा रस्ता. २०२२ मध्ये लखनौला पिटबुल जातीच्या कुत्र्याने घरातल्याच वृद्ध बाईंचा जीव घेतला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. थोराड जबड्याच्या कुत्र्याची चूक महाग पडते हे खरेच. पण आमचा मोत्या कुठल्याच यादीत नव्हता.

खरा प्रश्न दाढ काढल्यावर उभा राहिला. वहिनी म्हणाल्या, "सर, मोत्या माझा लाडका आहे. पण लेकरू माझं आहे. पुन्हा चावला तर?" भाऊंना वाटत होते, आजार गेला, विषय संपला. मी वहिनींच्या बाजूचा होतो आणि आहे. एकदा दात लावलेल्या कुत्र्याजवळ लहान मुलाला एकटे सोडू नये, मग त्याची दाढ निघो वा न निघो. ज्या घरात रांगते मूल आहे आणि कुत्र्याच्या रागाचे कारण सापडत नाही किंवा सापडून बरे होत नाही, त्या घराने मुले नसलेले, सर्व हकीकत ऐकून घेतलेले दुसरे घर त्याच्यासाठी शोधावे. तेही नसेल आणि पशुवैद्यच सुचवतील तर त्याला शांतपणे भूल देऊन निरोप देण्यातही मी पाप मानत नाही. पाप आहे ते पुलापलीकडे सोडण्यात. तिथल्या वस्तीवरही लेकरे असतात.

वहिनींनी मोत्याला ठेवला, स्वतःच्या अटींवर. भाऊंनी कारखान्यातून आल्यावर दोन संध्याकाळी खपून पडवीला कमरेएवढे जाळीचे दार बसवले. मोत्या जेवतो आणि झोपतो तो त्या दारापलीकडे. त्या वेळी कोणी दार उघडायचे नाही. धाकट्याने त्याच्याजवळ जायचे ते मोठे माणूस असताना, आणि आपण जायचे नाही, त्याला बोलवायचे. आला तर खांद्याजवळ खाजवायचे, डोक्यावर हात न्यायचा नाही. न आला तर गप्प बसायचे. घरात चप्पल उचलण्याची बंदी आहे, ती भाऊंसाठी. मोत्या आता कडक भाकरीही उजव्या बाजूने खातो. अजून कधीतरी गुरगुरतो, विशेषतः आंघोळीच्या दिवशी, आणि तेव्हा आजी आतल्या खोलीतून ओरडतात, "अगं, काय म्हणतोय बघ तो!"