वाचता येते, उमगत नाही

राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘क्लॅट’ परीक्षेची तयारी आता मध्यमवर्गीय घरांतून दोन-दोन वर्षे आधी सुरू होते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठे धरून देशातील सुमारे दोन डझन संस्थांची दारे ह्या एका परीक्षेने उघडतात वा बंद होतात; पालकांचा जीव तिच्यात गुंतावा ह्यात नवल नाही. शिकवणीवर्गांची फी भरली जाते, शब्दसंग्रहाची जाडजूड पुस्तके येतात, सराव-प्रश्नपत्रिकांचे ढीग साचतात. आणि तरीही इंग्रजी माध्यमात बारा वर्षे काढलेला, संभाषणात कोठेही न अडखळणारा मुलगा इंग्रजी उताऱ्यावरील पाच प्रश्नांपैकी दोन चुकवून घरी येतो. असे का व्हावे ह्याचे जे उत्तर बाजारात विकले जाते ते बहुतांशी चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००८ साली सुरू झालेल्या ह्या परीक्षेचे स्वरूप २०२० मध्ये पालटले. सुटे समानार्थी शब्द, सुटी व्याकरणाची वाक्ये व पाठ केलेले सामान्यज्ञान ह्यांची जागा उताऱ्यांनी घेतली. आता १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवावयाचे असतात. इंग्रजीचे प्रश्न २२ ते २६ एवढेच. परंतु कायदा, तर्क व चालू घडामोडी ह्या विभागांतही प्रथम उतारा वाचूनच पुढे जावे लागते. चुकलेल्या उत्तरास पाव गुण वजा होतो. इंग्रजीचा उतारा सुमारे ४५० शब्दांचा असतो. इंग्रजी हीच ज्यांची मातृभाषा, अशा प्रौढांचा मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटास सुमारे २३८ शब्द असल्याचे २०१९ च्या एका व्यापक संशोधन-आढाव्यात दिसून आले. त्या हिशेबाने एक उतारा वाचण्यातच जवळजवळ दोन मिनिटे जातात आणि पाच प्रश्नांसाठी तीन उरतात. आमच्या मुलांस तेवढीही उरत नाहीत.

येथेच वेगवाचनाचा मोह उत्पन्न होतो. ओळीवरून बोट फिरवा, पहिले व शेवटचे वाक्य तेवढे वाचा, आधी प्रश्न पाहा आणि मग उताऱ्यात उत्तर हुडका, अशा युक्त्या सांगितल्या जातात. कीथ रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ह्या विषयावरील संशोधनाचा परामर्श घेऊन काढलेला निष्कर्ष असा, की वेग वाढविला म्हणजे आकलन घटते. ह्या सौद्यातून सुटका नाही. खरा वेग भाषेच्या परिचयातून येतो, डोळ्यांच्या कसरतीतून नव्हे.

शब्दांच्या याद्यांची गोष्टही फारशी निराळी नाही. विद्यार्थ्यास अडविणारा शब्द बहुधा अवघड नसतो. ओळखीचा वाटणारा शब्दच त्यास फसवितो. ‘क्वालिफाइड’ म्हणजे पात्र, हे तो घरोघर ऐकत आला आहे. न्यायाधीशांनी एखाद्या मतास ‘क्वालिफाइड सपोर्ट’ दिला असे वाचताच तो भरभक्कम पाठिंबा समजतो. वास्तविक तो हातचे राखून दिलेला, सशर्त पाठिंबा असतो. कर्ज ‘सँक्शन’ होते ते मंजुरीच्या अर्थाने, पण एखाद्या राष्ट्रावर ‘सँक्शन्स’ लादले जातात तेव्हा अर्थ नेमका उलटा होतो. ही जाण यादीतून येत नाही; तो शब्द दहा निरनिराळ्या संदर्भांत भेटावा लागतो. वाक्यरचनेचेही तसेच. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘जो-तो’च्या जोडीने आपण वाक्य सांधतो; इंग्रजीत क्रियापद आधी येऊन जाते व मागाहून पोटवाक्यांची रांग लागते. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर वाढलेल्या पिढीला निदान हा फरक बोट ठेवून शिकविला गेला होता. त्या पुस्तकांची आज थट्टा होते, ती आम्हांस अस्थानी वाटते.

परंतु सर्वांत मोठा दोष शाळेने लावलेल्या सवयीचा आहे. शालेय परीक्षेत उताऱ्यावरील प्रश्नाचे उत्तर म्हणजे उताऱ्यातीलच एक ओळ. ती शोधून उतरविली की गुण मिळाले. प्रवेशपरीक्षा विचारते ते वेगळेच: लेखकाचा कल कोणीकडे आहे, त्याने कोणती गोष्ट गृहीत धरली आहे, ह्या विधानावरून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही. चार पर्यायांपैकी एखादा जगात खरा असतो पण उताऱ्यात नसतो. एखादा ‘काही’चे ‘सर्व’ करून टाकतो. हुशार मुलगा पहिल्यात फसतो, कारण तो लेखकाचे न ऐकता आपलेच मत वाचीत असतो.

आणखी एक गोष्ट शिकवणीवर्ग सहसा सांगत नाहीत. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट व लेस्ली ह्या संशोधिकांनी शाळकरी मुलांस बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे आकलन हे निव्वळ कौशल्य नव्हे. विषयाची माहितीही त्याचा मोठा आधार असते. संघराज्य, व्याजदर, हवामान, जातिव्यवस्था, कलेचा इतिहास ह्यांविषयी ज्याने काहीच वाचलेले नाही त्याला प्रत्येक उतारा परका वाटणारच.

ही माहिती मराठीतूनही मिळू शकते, आणि युक्तिवादाचा धागा न सोडता वाचण्याची सवयही एका भाषेत जडली म्हणजे दुसरीत उपयोगी पडते. दुर्दैवाने आमच्या घरांत उलटेच घडले. मुलगा इंग्रजी शाळेत आहे म्हणून मराठी वर्तमानपत्र त्याच्या हाती दिले गेले नाही आणि अभ्यास बुडेल म्हणून इंग्रजी कादंबरीही दिली गेली नाही. आता रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून मिटवावा आणि त्याचा आशय स्वतःच्या मराठीत दोन वाक्यांत लिहावा, चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे ते का चुकले ह्याचे कारण नोंदवावे, हा क्रम दीड-दोन वर्षे चालविल्यास फरक पडेल. शेवटच्या दोन महिन्यांत तो पडणार नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलापुढील अडचण मात्र घरच्या क्रमाने सुटणारी नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ व अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ मराठीसह १३ भाषांत होतात, आपल्या राज्याची विधि प्रवेशपरीक्षाही मराठीत देता येते. ‘क्लॅट’ आजवर केवळ इंग्रजीतूनच होत आली आहे. अध्यापन इंग्रजीत आहे, हा विद्यापीठांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु मग त्या मुलास इंग्रजी वाचनाची संधी कोणी व केव्हा द्यावयाची, ह्याचेही उत्तर त्यांनी व शासनाने मिळून द्यावयास हवे. सध्या अनेक शाळांत ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात असतो. नववी उजाडली की अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी सर्वप्रथम तोच गणिताला दिला जातो.